३४ नंबरची शेवरले

वणीहून टोमॅटोचे क्रेट भरून निघालेल्या पिकअपला मागे जादा पाटा टाकलेला आहे की नाही, हे गॅरेजवाला लांबूनच ओळखतो. माल भरल्यावर गाडी मागून बसू नये म्हणून केलेली ही सोय. १९४०च्या दशकात अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातले काही ड्रायव्हर अगदी हेच करायचे. फरक एवढाच, की त्यांच्या डिकीत टोमॅटो नसायचे, हातभट्टीची दारू असायची. बाहेरून गाडी चारचौघांसारखी, बॉनेटखाली मात्र तगडं इंजिन आणि मागे कडक स्प्रिंगा. गाडी मागून दबलेली दिसली की पोलिसांना संशय आलाच म्हणून समजा. रात्रीच्या अंधारात, वळणावळणाच्या रस्त्यावर, मागे पोलीस आणि पुढे गिऱ्हाईक, अशी ही ड्रायव्हिंग स्कूल. यातूनच पुढे अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगला कितीतरी ड्रायव्हर मिळाले. वेन्डेल स्कॉट हा त्यातलाच एक.

स्टॉक कार म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. आपल्याला फॉर्म्युला वनची ती लांब नाकाची गाडी माहीत असते. नाशिककरांनी रॅलीच्या गाड्याही पाहिल्यात. स्टॉक कार यातली कुठलीच नाही. शोरूमच्या स्टॉकमध्ये मिळते तीच गाडी, म्हणून स्टॉक कार. घरच्यांना घेऊन बाजारात जायची गाडी घ्यायची, मागची सीट काढून टाकायची, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा, इंजिनावर मेहनत घ्यायची, दारावर मोठा नंबर रंगवायचा आणि गोल ट्रॅकवर पळवायची. या रेसेसना शिस्त लावायला डिसेंबर १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचवर बिल फ्रान्सने मंडळी जमवली आणि १९४८ मध्ये नॅस्कार ही संस्था उभी राहिली.

प्लास्टिकच्या किटमधून स्टॉक कारचं मॉडेल करणारे लोक लहान आकारात नेमकं हेच करतात. मला या छंदातली ही गोष्ट सगळ्यात भारी वाटते. डब्यात मिळतो तो बहुतेक वेळा रस्त्यावरच्या साध्या गाडीचा किट. त्याची रेसिंग कार तुम्हाला करायची असते. १९५८ मध्ये एएमटी या अमेरिकन कंपनीने एकाच डब्यातून तीन प्रकारची गाडी करता येईल असे किट आणले: शोरूममधली, सजवलेली किंवा रेसिंगची. तेव्हापासून पोरांना कटर चालवायची सवय लागली. आपल्याकडे खऱ्या गाडीवर असे प्रयोग केले तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीने दिलेली मूळ रचना परस्पर बदलायची नाही, असं ते सांगतं. (पिकअपच्या त्या जादा पाट्याबद्दल आपण इथे काही बोलायला नको.) टेबलावरच्या एकवीस सेंटिमीटरच्या गाडीला मात्र आरटीओ विचारत नाही.

एकवीस सेंटिमीटर हा आकडा हवेतला नाही. १९६२ची शेवरले बेल एअर ही गाडी जवळजवळ ५.३ मीटर लांब. १/२५ या स्केलला भागलं की २१ सेंटिमीटर आणि वर थोडं. स्कॉटच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी रेस याच मॉडेलच्या गाडीने जिंकली. नंबर ३४.

स्कॉटचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ चा. गाव डॅनव्हिल, व्हर्जिनिया. तंबाखूचा बाजार आणि कापडगिरणी यांच्यावर चालणारं गाव. वडील दोन श्रीमंत गोऱ्या घरांकडे ड्रायव्हर आणि मेकॅनिक. गाडी उघडायची कशी आणि पुन्हा लावायची कशी, हे वेन्डेल त्यांच्याकडे बघत शिकला. तो कृष्णवर्णीय, आणि तेव्हाच्या अमेरिकेच्या दक्षिण भागात शाळा, बस, हॉटेल, पाण्याचा नळ, सगळं गोऱ्यांचं वेगळं आणि काळ्यांचं वेगळं. गिरणीत किंवा तंबाखूच्या कारखान्यात कुणाच्या तरी हाताखाली राबायचं नाही, हे त्याने लवकर ठरवलं होतं. शाळा अर्ध्यावर सुटली. टॅक्सी चालवली. १९४३ मध्ये मेरी कोल्सशी लग्न झालं, पुढे सात मुलं झाली. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात होता. युरोपात गाड्या दुरुस्त करायचं काम होतं आणि तिथेही काळ्यांच्या तुकड्या वेगळ्याच. परत आल्यावर डॅनव्हिलमध्ये गॅरेज टाकलं. गॅरेजवर घर चालेना, मग रात्रीचा तो दुसरा धंदा. कितीतरी वेळा पोलीस मागे लागले, सापडला तो एकदाच, १९४९ मध्ये. शिक्षा म्हणून तीन वर्षं देखरेखीखाली राहावं लागलं.

रेसिंगमध्ये तो आला त्याची गोष्ट तर सिनेमातली वाटेल. १९५२ मध्ये डॅनव्हिलच्या ट्रॅकवर रेस भरवणाऱ्यांचं तिकीट खपत नव्हतं. त्यांनी डोकं चालवलं: एखादा काळा ड्रायव्हर उतरवला तर गंमत म्हणून लोक येतील. पण असा ड्रायव्हर शोधायचा कुठे? ते गेले पोलिसांकडे, गावात सगळ्यात वेगाने गाडी पळवणारा काळा माणूस कोण म्हणून विचारायला. पोलिसांना विचार करावाच लागला नाही. ज्याला पकडता पकडता त्यांच्या नाकी नऊ आले होते, त्याचंच नाव त्यांनी दिलं.

२३ मे १९५२ ला तो पहिल्यांदा ट्रॅकवर उतरला. प्रेक्षकांतून हुर्यो झाली, गाडीही मध्येच बंद पडली. पण त्या दिवशी त्याला आपण काय करायला जन्मलोय ते कळलं असावं, कारण लगेच तो नॅस्कारच्या रेसला विन्स्टन-सेलमला गेला. तिथे त्याला उतरू दिलं नाही, कारण सरळ होतं, रंग. पुढच्या ठिकाणीही तेच. त्या रात्री गाडी ओढत घरी परतताना तो रडला होता. मग त्याने दुसरी वाट धरली. नॅस्कारबाहेरच्या छोट्या रेसेस करत राहिला आणि थोड्याच दिवसांत लिंचबर्गला पहिली रेस जिंकला. पुढे रिचमंडच्या ट्रॅकवरच्या एका नॅस्कार अधिकाऱ्याने वरच्यांना न विचारताच त्याला लायसन्स देऊन टाकलं. कागद हातात आल्यावर तो कागद परत घेणं वरच्यांना जड गेलं. एकेका माणसाच्या सहीने किती फरक पडतो, ते इथे दिसतं. १९५९ मध्ये त्याने व्हर्जिनिया राज्याची स्पोर्ट्समन गटाची चॅम्पियनशिप जिंकली. मार्च १९६१ मध्ये तो नॅस्कारच्या सगळ्यात वरच्या गटात, ग्रँड नॅशनलमध्ये, आला.

वरच्या गटात येणं म्हणजे पैशांच्या लढाईत येणं. मोठ्या टीमना डेट्रॉइटच्या कंपन्यांकडून नव्याकोऱ्या गाड्या, इंजिनं, माणसं मिळायची. स्कॉट दुसऱ्यांनी वापरून सोडलेल्या गाड्या विकत घ्यायचा. ती १९६२ची शेवरले त्याने नेड जॅरेट या दुसऱ्या मोठ्या ड्रायव्हरकडून घेतलेली. पार्ट जुने, टायर जुने. पिटमध्ये काम करणारी टीम म्हणजे त्याची स्वतःची मुलं. गाडीच्या अंगावर मेकॅनिकचं नाव लिहायची पद्धत असते. तिथे त्याने स्वतःलाच लिहून टाकलं होतं, नाव नाही, नुसतं सर्वनाम. रेसला जाताना घरूनच जेवण बांधून घ्यावं लागे, कारण वाटेतली हॉटेलं बसू देत नसत. पण सगळेच वाईट होते असंही नाही. जॅरेट आणि आणखी काही ड्रायव्हर त्याला पार्ट द्यायचे, अडीनडीला मदत करायचे. मुद्दाम धडकणारेही होतेच.

आपल्याकडच्या वाचकाला इथे पालवणकर बाळू आठवल्याशिवाय राहणार नाही. पुण्यात गोऱ्या साहेबांना नेटमध्ये बॉलिंग करता करता तयार झालेला हा डावखुरा स्पिनर. मैदानावर त्यांच्या विकेट सगळ्यांना हव्या होत्या. चहाच्या वेळी मात्र तो पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या कपात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट घेऊनही हिंदू संघाची कॅप्टनशिप बाळूंना कधी मिळाली नाही. ती १९२३ मध्ये त्यांच्या भावाला, विठ्ठलला मिळाली. स्कॉटचं दुखणं वणीत समजावून सांगायला त्यामुळे फार शब्द लागत नाहीत.

आता १९६३ची ती रेस. १ डिसेंबर, रविवार, जॅक्सनव्हिल, फ्लोरिडा. अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या, म्हणजे शंभर मैल, आपल्या हिशोबात १६० किलोमीटर. वर्ष लक्षात घ्या. ऑगस्टमध्ये मार्टिन ल्यूथर किंगची ती प्रसिद्ध सभा वॉशिंग्टनमध्ये झाली होती. तारीख २८ ऑगस्ट, योगायोगाने स्कॉटच्या बेचाळिसाव्या वाढदिवसाचा आदला दिवस. आणि राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या होऊन या रेसच्या दिवशी जेमतेम नऊ दिवस झाले होते.

स्कॉटने पंधराव्या नंबरवरून सुरुवात केली. मातीच्या ट्रॅकवर शेवटी शेवटी खड्डे पडतात, गाड्या मोडतात, आणि गाडी सांभाळून चालवणाऱ्याला फायदा मिळतो. स्कॉटला गाडी सांभाळणं सक्तीचंच होतं. मोडली तर दुसरी नव्हती. पुढे चाललेल्या रिचर्ड पेटीच्या गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. पंचवीस फेऱ्या उरल्या असताना स्कॉट त्याला मागे टाकून पुढे गेला. मग तो पुढेच राहिला. २०० फेऱ्या झाल्या, पण संपल्याचा झेंडा काही पडेना. त्याने आणखी दोन फेऱ्या मारल्या. झेंडा पडला तो बक बेकरच्या गाडीवर. ट्रॉफी बेकरला. फोटो बेकरचे. स्कॉटला तिसरा धरलेलं.

स्कॉटने हरकत घेतली. तेव्हा फेऱ्या हाताने मोजत. प्रत्येक गाडीमागे एक माणूस, त्याच्या हातात कार्ड, गाडी समोरून गेली की वेळ लिहायची. ती कार्डं पुन्हा तपासायला बसले. साधारण दोन तासांनी निकाल बदलला: स्कॉट नुसता पहिला नव्हता, तो बेकरच्या दोन फेऱ्या पुढे होता. तोपर्यंत स्टँड रिकामे झाले होते. बेकर ट्रॉफी घेऊन निघून गेला होता. मोजणीतली चूक, असं सांगण्यात आलं.

चूक होऊ शकते. धुळीत, घाईत, हाताने मोजताना एखादी फेरी निसटते. पण दोन फेऱ्या पुढे असलेल्या गाडीला तिसरा नंबर देणं, त्याला चूक म्हणताना माझी तरी जीभ अडखळते. पुष्कळांचं म्हणणं असं, की जिंकलेल्या ड्रायव्हरला ट्रॉफी देताना सुंदर पोरगी त्याच्या गालाचं चुंबन घ्यायची आणि १९६३च्या जॅक्सनव्हिलमध्ये हजारो गोऱ्या प्रेक्षकांसमोर ते घडू द्यायची कुणाची तयारी नव्हती. स्कॉटलाही तसंच वाटायचं. आणि समजा मोजणीत खरंच चूक झाली होती, तरी ती कळल्यावर मूळ ट्रॉफी त्याच्या घरी पोचवायला कुणाची हरकत होती? तो जिवंत असेपर्यंत ती पोचली नाही.

या गाडीचं मॉडेल करायला घेतलं की ही रेस वेगळीच डोळ्यांसमोर येते. किटमधली शेवरले चकाचक असते, क्रोमच्या पट्ट्या, मागे ऐसपैस सीट. पहिलं काम, मागची सीट कापून काढणं. मग पुढे एकच सीट ठेवायची. हेडलाइटच्या जागी सपाट पत्रा, म्हणजे प्लास्टिक शीटचे गोल तुकडे, कडेला एम-सील भरून पॉलिश पेपरने घासलेले. पिंजऱ्याचा खरा पाइप साधारण ४५ मिलिमीटर जाडीचा, १/२५ ला तो १.८ मिलिमीटर होतो. किटचे पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला चिकटून येतात, ती चौकट मेणबत्तीवर गरम करून हळू ओढली की बारीक दांडी मिळते. हवी ती जाडी येईपर्यंत चार-पाच वेळा फसते, पण पैसे लागत नाहीत. ज्योतीत धरायची नाही, वर धरायची, आणि खिडकी उघडी ठेवायची. त्या काळचा पिंजरा साधा होता, आजच्यासारखं पाइपांचं जाळं नव्हतं. तेव्हा उत्साहाच्या भरात जास्त पाइप लावले तर गाडी १९६३ची राहत नाही. चाकं मात्र जाड, भक्कम दिसायला हवीत.

सगळ्यात अवघड काम रंगाचं. नवशिका मॉडेल करणारा स्प्रे मारून, वर क्लिअर कोट देऊन गाडी आरशासारखी करतो. स्कॉटची गाडी तशी असूच शकत नाही. ती दुसऱ्याकडून घेतलेली आहे, तिच्यावर घरीच डेंटिंग-पेंटिंग झालंय आणि ती मातीच्या ट्रॅकवर १०१ मैल धावलीय. त्यामुळे दरवाजाला एक हलका पोचा, तो आतून प्लास्टिक जरा गरम करून देता येतो. नंबर ३४ स्टिकरपेक्षा ब्रशने रंगवलेला बरा. धुळीसाठी महागडी पावडर नको, रंगीत खडू घासून मऊ ब्रशने चाकांच्या कमानीत आणि मागच्या बंपरवर लावायचा. आणि मेकॅनिकच्या जागी ते एक सर्वनाम, अगदी बारीक अक्षरात. त्याला तीन शून्य नंबरचा ब्रश आणि श्वास रोखायची तयारी लागते.

त्या विजयानंतर स्कॉटचे दिवस पालटले, असं झालं नाही. कुठली कंपनी दारात आली नाही. तरी १९६६ मध्ये वर्षभराच्या गुणांमध्ये तो सहावा होता. जुन्या गाड्या आणि घरची टीम घेऊन सहावा, हे त्या ट्रॉफीपेक्षा मोठं म्हणायला हवं असं मला वाटतं. कारकिर्दीत ग्रँड नॅशनलच्या ४९५ रेसेस, त्यातल्या १४७ मध्ये पहिल्या दहात, जिंकलेली एकच. १९७३ मध्ये त्याने कर्ज काढून एक चांगली मर्क्युरी घेतली. एकदा तरी बरोबरीच्या गाडीने लढावं ही इच्छा. मे महिन्यात टॅलाडेगाच्या रेसमध्ये सुरुवातीलाच वीसेक गाड्या एकमेकांवर आदळल्या. मर्क्युरीचा चक्काचूर झाला, स्कॉटची बरीच हाडं मोडली. ऑक्टोबरमध्ये शार्लटला तो एकदा पुन्हा उतरला आणि बारावा आला. ती शेवटची रेस. पुढे डॅनव्हिलच्या गॅरेजमध्ये लोकांच्या गाड्या दुरुस्त करत राहिला. १९७७ मध्ये त्याच्यावर रिचर्ड प्रायरला घेऊन सिनेमा निघाला. २३ डिसेंबर १९९० ला मणक्याच्या कॅन्सरने तो गेला.

जॅक्सनव्हिलमधल्या मंडळींनी २०१० मध्ये घरच्यांना मूळ ट्रॉफीची प्रतिकृती करून दिली. २०१५ मध्ये नॅस्कारने त्याला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. खुद्द नॅस्कारने ट्रॉफी दिली ती २८ ऑगस्ट २०२१ ला, डेटोनाच्या ट्रॅकवर, त्याच्या शंभराव्या जन्मदिवसाच्या आदल्या दिवशी. ती घ्यायला मुलं होती, नातवंडं होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बब्बा वॉलेसने टॅलाडेगाला रेस जिंकली. नॅस्कारच्या सगळ्यात वरच्या गटात रेस जिंकणारा तो दुसरा कृष्णवर्णीय ड्रायव्हर. पहिला आणि दुसरा यांच्यात जवळपास ५८ वर्षं गेली. डॅनव्हिलमध्ये स्कॉट ज्या रस्त्यावर राहायचा, त्या रस्त्याला आता त्याचं नाव आहे.